वर झुंबर, खाली आपण

आतेभावाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. बेळगावात मंडोळी रोडच्या बाजूला आता असे बंगले ओळीनं उभे राहिलेत. काल जिथं भाताचे वाफे होते तिथं आज ग्रॅनाइटची पायरी आणि वॉचमनची खोली. हॉल दोन मजले उंचीचा. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते, आणि वर, जिना वळतो त्याच्या बरोबर मधोमध, ते झुंबर. एकात एक अडकवलेल्या मोठाल्या तिरप्या कड्या, सोनेरी पॉलिशच्या, आणि प्रत्येक कडीला खाली लोंबणारे काचेचे लोलक. पाहुणे चपला काढून आत येत, वर बघत, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच वहिनी सांगत, "डिझायनर आहे, ऑर्डर देऊन करून घेतलं." आत्ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. ऐंशी कधीच ओलांडली तिनं. तिनंही वर बघितलं, पदर सावरत, बराच वेळ. मग लेकाला म्हणाली, "छान हाय की. पण ह्ये पुसणार कोण गा?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण जरा उशिरानं. भटजींनी होमाची तयारी झाल्याचं सांगितलं, विषय तिथंच मिटला. मला मात्र पुढं कितीतरी दिवस, कुठल्याही शोरूमच्या काचेआड, हॉटेलच्या लॉबीत, लग्नाच्या कार्यालयात लोंबणारं काही दिसलं की आत्तीचाच आवाज ऐकू यायचा.

आत्तीनं तो प्रश्न टोमणा म्हणून विचारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आमच्या आजोबांचं घर वडगावात, मागाचं. सोप्यात खड्ड्याचा माग, मागच्या खोलीत कांड्या भरायचा रहाट, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत बाकीचा संसार. वीज यायच्या आधी त्या घरात कंदील होते, आणि दिवेलागणीच्या आधी काचा पुसायचं काम पोरींचं. मोठ्या बाईचा हात काचेच्या तोंडातून आत जात नाही, म्हणून ते काम लहान हाताच्या वाट्याला. चुलीतली राख चाळून घ्यायची, जुन्या धोतराची चिंधी घ्यायची, काचेला तोंड लावून आत एक वाफ सोडायची आणि दोन बोटांनी चिंधी गोल फिरवायची. काजळी नाकात जायची, नखात बसायची. काच तडकली तर रात्रीचा मार ठरलेला, शिवाय नवी आणायला खडेबाजारापर्यंत चालत जायचं ते वेगळंच. आत्ती हे सांगते तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून आपोआप गोल फिरतात. घरात दिवा आला म्हणजे तो पुसणारं कुणीतरी आलं, हे तिच्या लेखी इतकं उघड आहे, की त्या झुंबराकडे बघून तिला दुसरं काही सुचलंच नसेल.

मी जन्मले तेव्हा त्या घरात वीज होती, पण तीही मागाच्या सोयीनं. बल्ब छताच्या मध्यावर नव्हता. लांब वायर सोडलेली, तिला पत्र्याची टोपी, आणि सुतळीनं ओढून तो बल्ब मागाच्या बरोबर वर, विणणाऱ्याच्या कपाळाच्या जरा पुढं, खिळ्याला बांधलेला. शहापुरी साडीचा काठ भरताना दोरा तुटला तर तो दिसला पाहिजे, एवढाच त्या उजेडाचा कारभार. बाकीचा सोपा अर्धवट काळोखात. आम्ही पोरं त्या उजेडाच्या कडेला पुस्तकं घेऊन बसायचो. धोटा इकडून तिकडं गेला की वाऱ्यानं बल्ब किंचित हलायचा, आणि भिंतीवर आजोबांची सावली मोठी व्हायची, लहान व्हायची. हा बंगला बांधणारा माझा आतेभाऊ सुट्टीत आजोळी आला की त्याच कडेला बसून गणितं सोडवायचा. अक्षरावर सावली पडली की तो वैतागून आणखी पुढं सरकायचा, आणि आजोबा "मागात घालू काय तुला?" म्हणून त्याला परत मागं ढकलायचे.

म्हणून त्याच्या झुंबराला मी नावं ठेवू शकत नाही. लोक ठेवतात. "पैसा दिसायला नको काय?" असं जेवणाच्या पंगतीतच कुणीतरी पुटपुटलं, तेही कुंद्याची दुसरी वाटी हातात धरून. ज्याचं बालपण दुसऱ्याच्या कामाच्या उजेडाच्या कडेला बसण्यात गेलं, त्याला एखादा दिवा असा हवासा वाटला, की जो कुठल्याच कामाचा नाही, फक्त वर बघण्याचा आहे, तर त्यात वावगं काय? आणि तरी, हे लिहितानाही मला पूर्ण पटत नाही. कारण आणखी एक आठवण मध्ये येते.

आमच्याकडच्या वराती. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंनी रांगेत चालायच्या. तो सूंऽ असा न थांबणारा आवाज, रॉकेलचा वास, बत्तीतल्या मेंटलच्या जाळीचा डोळ्यांत घुसणारा पांढरा उजेड, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी लग्न असेल तर त्याभोवती किड्यांचा गोंगाट. नवरा-नवरीची तोंडं लख्ख. बत्तीच्या बुडाखाली जी बाई आहे तिचं तोंड मात्र काळोखात, कारण उजेड तिच्या डोक्यावरून पुढं निघून जायचा. पुढं बँडवाल्यांनी गॅसबत्त्या टाकल्या आणि विजेचे दिवे आणले, ते थेट झुंबराच्या आकाराचे: फांद्या, काचेची फुलं, प्लॅस्टिकचे लोलक. मागं जनरेटरची गाडी ढकलत आणायची, आणि तिथून निघालेल्या वायरीनं सगळ्या बायका एकमेकींना जोडलेल्या. एक थांबली की सगळ्या थांबणार. गणपत गल्लीच्या तोंडाशी अशी एक वरात अडकली होती, पुढं फटाक्यांच्या माळा लागल्या होत्या म्हणून. माझ्या अगदी शेजारी एक बाई डोक्यावर ते झुंबर घेऊन उभी होती. एका हातानं ते धरून दुसऱ्या हातानं तिनं मानेवरचा घाम पुसला, आणि मी बघतेय हे कळल्यावर हसून म्हणाली, "जड न्हाई गे, गरम हाय."

झुंबराचा विचार करताना ग्वाल्हेरचा जयविलास पॅलेस आपल्या लोकांना आठवतोच. शिंद्यांचा, १८७४ चा. तिथल्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं, एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास, आणि ती टांगायच्या आधी छत पेलेल का हे बघायला छतावर हत्ती चढवले होते, ही गोष्ट तिथला प्रत्येक गाईड सांगतो. हत्ती किती, यावर मात्र ज्याचा त्याचा आकडा. मला त्या गोष्टीत हत्तींपेक्षा पुढचं ऐकायचं असतं, जे कुणी सांगत नाही. मेणबत्त्यांच्या काळात दोरी आणि कप्पी असायची. झुंबर खाली उतरवायचं, वाती कापायच्या, सांडलेलं मेण खरवडायचं, लोलक पुसायचे, सगळ्या मेणबत्त्या लावायच्या आणि डुलू न देता परत वर ओढायचं. दरबार भरायच्या आधी हे सगळं उरकलेलं असायचं. वर बघणाऱ्याला दोरी दिसू नये, हाच तर त्या सगळ्या थाटाचा भाग.

वास्तुशांतीच्या दुपारी, पंगती उठता उठता, करंट गेला. इन्व्हर्टरवर पंखे आणि दोन-चार दिवे, झुंबर अर्थातच नाही. वहिनी हिरमुसल्या. आणि मग पश्चिमेच्या उंच खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली, ती नेमकी त्या कड्यांवर. भिंतीभर सप्तरंगी कवडसे सांडले. जिन्यावर, देवघराच्या दारावर, एका आजोबांच्या टोपीवर. कुणीतरी वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली असेल, लोलक हलले, आणि कवडसे पळायला लागले. त्यांच्यामागे पोरं पळायला लागली. पोरांना ओरडायचं सोडून मोठी माणसंही बघत उभी राहिली. सकाळपासून ते झुंबर रिमोटनं तीन रंगांत लावून दाखवत होते, पण ते खऱ्या अर्थानं पेटलं ते बंद असताना.

त्याचं कारण साधं आहे, आणि दुकानात कुणी सांगत नाही. लोलक चमकायला उजेडाचा ठिपका लागतो. सूर्य, मेणबत्तीची ज्योत, उघड्या तारेचा बल्ब. दुधी काचेमागचा किंवा पट्टीतला एलईडी चहूकडून सारखाच पसरतो. लोलकाच्या सगळ्या पैलूंवर सारखाच पडतो, म्हणून एकही पैलू वेगळा उठून दिसत नाही. ज्योत तर हलायचीही, म्हणून जुन्या दिवाणखान्यांत झुंबर जिवंत वाटायचं. काचेचंही तसंच. १६७४ साली इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. ती काच जड, कापायला मऊ, आणि किरणाला साध्या काचेपेक्षा जास्त वाकवणारी. रंग फुटतात ते त्या वाकण्यातून. आज बाजारात बहुतेक ठिकाणी "के-नाइन" म्हणतात ती बिनशिशाची काच असते, तीही वाईट नाही. खाली उतरत गेलं की ॲक्रिलिक. आणि त्या सगळ्यावर आपल्याकडे घालतात ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड, ज्यात वरणसुद्धा आजारी दिसतं. २७०० किंवा ३००० चा पिवळसर दिवा मागितला तर दुकानदार "उजेड कमी वाटेल हं, मॅडम" म्हणून आपल्यालाच सावध करतो.

संध्याकाळी फिटिंगचा पोरगा आला. रिमोटचं काहीतरी राहिलं होतं. निपाणीकडचा, विशीतला, खांद्यावर बॅग. फोनवर कन्नड, दुकानाच्या मालकाशी हिंदी, आमच्याशी मराठी, आणि खोक्यावरचं चिनी चित्र बघून जोडणी. आत्तीनं त्याला आल्या आल्या धरलं. "बस बाळा. च्या घे. ह्ये पुसायचं कसं, सांग मला." आणि तो पोरगा, ज्याला दिवसभर फक्त "लवकर आवर" एवढंच ऐकायची सवय असणार, तो खुलला. त्यानं सांगितलं, स्प्रे मारायचा नाही, पाणी वरच्या होल्डरमध्ये जातं आणि पॉलिश काळं पडतं. सुती हातमोजे घालायचे, एक किंचित ओला, एक कोरडा. ओल्यानं लोलक चोळायचा, लगेच कोरड्यानं टिपायचा, बोट उघडं लागू द्यायचं नाही. खाली चादर पसरायची, कारण एखादी कडी सुटतेच. वर्षातून दोनदा तरी. आत्ती मान हलवत होती. मग त्यानं खिशातून एक जादा लोलक काढला आणि तिच्या गालाला लावला. "गार लागलं की काच, आज्जी. गार न्हाई लागलं तर प्लॅस्टिक." आत्तीनं तो परत स्वतः लावून बघितला. गार होता.

आणखीही बरंच त्याच्याकडून कळलं. लोक पीओपीच्या छतालाच झुंबर टांगायला सांगतात. ते छत स्वतःचंच ओझं कसंबसं धरून असतं, झुंबराचं वजन स्लॅबला गेलं पाहिजे, फास्टनर मारून. पंख्याच्या हुकाला काहीही अडकवायची आपली सवय, पण हुक गंजलेला असला तर कोण बघतो? इथं तर त्यानं भावाला मोटर सुचवली होती. बटण दाबलं की तारेवरून अख्खं झुंबर कमरेइतकं खाली येतं, पुसून परत वर. "सायेब न्हाई म्हणाले. परत कधीतरी बघूया म्हणाले." म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीची दोरी-कप्पी आज मोटर होऊन बाजारात आहे, आणि आपण खर्च करतो तो पैलूंवर, सोनेरी पॉलिशवर, पहिली काट लागते ती पुसणाऱ्याच्या सोयीला. मी विचारलं, "मग आता वर कोण चढणार?" तो म्हणाला, "मीच की. परांची बांधून." इतक्या सहज म्हणाला की पुढं काही विचारायचं सुचलं नाही.

त्यानंतर किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात गेले, मुलीला घेऊन. बेळगावच्या माणसानं कमल बस्ती बघितलेली असते ती शाळेच्या सहलीत, आणि मग पाहुणे आले की. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज यानं १२०४ च्या सुमारास बांधवलेली. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, फक्त तळव्यांना दगडाचा गारवा. मग हळूहळू काळे, गुळगुळीत खांब दिसतात, मग वर. मंडपाच्या छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ. त्याच्या पाकळ्यांवर तीर्थंकर. मागच्या, चालू आणि पुढच्या काळाचे चोवीस-चोवीस, मिळून ७२. कुठंही दिवा नाही, लोलक नाही, बाहेरून जमिनीवर आपटून वर गेलेला उजेड तेवढा. तरी मान वर जाते, अगदी आतेभावाच्या हॉलमध्ये जाते तशीच. मुलगी म्हणाली, "आई, हे दगडाचं झुंबर." मी म्हटलं, यालाही कधीतरी कुणी परांची बांधून साफ केलं असणारच. ती म्हणाली, "तू सगळीकडे तेच बघूलालीस आता."

तिचं खरं होतं. पण त्या बहात्तर आकड्यावरून मला भलतंच आठवलं. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेननं १९५८ मध्ये कोपनहेगनच्या एका रेस्टॉरंटसाठी एक दिवा केला, आर्टिचोक नावाचा. धातूच्या ७२ पाकळ्या, सहा-सहाच्या बारा ओळींत. आकडा जुळला यात अर्थ काही नाही, योगायोग. पण दोन्हींमधला विचार मला जवळचा वाटतो. त्या पाकळ्या अशा लावल्यात की कुठूनही बघा, आतला बल्ब डोळ्याला दिसत नाही. उजेड पाकळीवरून पाकळीवर उतरत खाली येतो. हेनिंगसेनचा सगळा जन्म डोळ्याला न टोचणारा उजेड कसा पाडावा यात गेला. त्याच्या दिव्याखाली बसलेल्या माणसाचं तोंड नीट दिसतं. याउलट म्युनिकच्या इंगो माउररनं १९९४ मध्ये फुटलेल्या कपबश्यांचं झुंबर केलं, चिनी मातीचे तुकडे हवेत उधळल्यासारखे, जणू कुणीतरी स्वयंपाकघरात रागानं ताट भिरकावलंय आणि तो क्षण तसाच थांबलाय. फोटोत बघून मी मोठ्यानं हसले होते. असं काही आपल्या घरात लावायची छाती नाही, पण झुंबराला विनोद चालतो हे बघून बरं वाटलं.

हे सगळं मी उगाच वाचत नव्हते. आमच्याही फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दिवा लावायचा आहे, अनगोळला राहायला आल्यापासून. छत साडेनऊ फुटांचं, त्यामुळं दुमजली थाटाचा प्रश्नच नाही. शोरूममध्ये गेले तर "स्टेटमेंट पीस घ्या मॅडम, पाहुणे आल्यावर नजर तिथंच गेली पाहिजे." मला नजर ताटावर जायला हवी आहे, हे त्याला सांगून काय उपयोग. एक हिशेब मात्र तिथंच नीट कळला, तो कामाचा आहे: खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची, तेवढे इंच झुंबराचा व्यास. बारा बाय चौदाची खोली असेल तर २६ इंच. टेबलावर असेल तर खोली विसरायची, टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन तृतीयांश धरायचा, आणि टेबलापासून ३० ते ३६ इंच वर. म्हणजे बसल्या जागेवरून उठून हात वर केला की पोचेल असा. मी लगेच ठरवलं, हवा तो हाच.

मग उद्यमबागेत एका स्पिनिंगवाल्याकडे गेले. लेथवर लाकडी डाय, म्हणजे साचा, फिरते, तिच्यावर ॲल्युमिनियमची सपाट चकती दाबून धरायची, आणि लांब दांड्याच्या हत्यारानं रेटत रेटत तिची टोपी होते. धातू कापला जात नाही, नुसता वळतो. बघत राहावंसं काम आहे. कागदावर काढून नेलेली माझी घंटेच्या आकाराची टोपी त्यानं बघितली, उलटी केली, परत सुलटी केली. पितळेत करायची म्हटल्यावर मान डोलावली. आतून पांढरा रंग मारायचा, म्हणजे उजेड मऊ पडतो, हे त्यानंच सांगितलं. "किती नग?" मी म्हटलं, एक. त्यानं कागद माझ्या हातात परत दिला. "एका नगाला डाय कोण करणार, ताई? डायचाच खर्च तुमच्या दिव्यापेक्षा जास्त जातोय." मी तिथंच घुटमळत उभी राहिले. पोराला त्यानं च्या सांगितला, मलाही दिला, आणि मग म्हणाला, "सहा नगाचं बघा. सहा जणांत डाय वाटून घ्या, परवडतंय."

तोवर टेबलावर नुसती वायर लोंबकळते आहे, होल्डर आणि चाळीसचा बल्ब लावून, आणि ताट उचलायला उठताना नवऱ्याचं डोकं तिला लागतंच. माझ्यासकट तीन गिऱ्हाइकं झालीत. आणखी तिघं हवेत. बेळगावात किंवा आसपास कुणाला पितळी टोपीचा, हाताला येणारा दिवा हवा असेल तर कळवा.